पडदा कोणासाठी?

उसाच्या फडातून बिबट्या येतो आणि अंगणातले पोर उचलून नेतो, ही बातमी जुन्नर-आंबेगावात आता नवी राहिलेली नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाणी दिले, पाण्याने ऊस दिला आणि उसाने बिबट्याला घर दिले. नवा आहे तो घटनेनंतरचा पहिला तास. वनरक्षक पोचण्याआधी, पंचनाम्याचा कागद निघण्याआधी, कित्येकदा मुलाच्या आजोळी निरोप जाण्याआधी त्या देहाचा फोटो ओतूरपासून मंचरपर्यंतच्या फोनवर येऊन पडलेला असतो. संध्याकाळपर्यंत एखादे यूट्यूब चॅनल आईच्या तोंडासमोर माइक धरते.

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात गेली. तालुका शिरूर असला तरी जंगलखाते जुन्नर वन विभागाचे. लोकांचा संताप उसळला, वन विभागाची गाडी जाळली गेली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. तो संताप सर्वस्वी रास्त होता. त्या दिवसांत वृत्तपत्रांनी वन विभागाला जाब विचारला नसता, तर दुसरे कोण विचारणार होते? पण जाबाच्या बातमीइतक्याच वेगाने मुलांचे चेहरे, घरे, आईबापांचा आक्रोश हेही फिरले. ते थांबवणारा कायदा कोणता, असा प्रश्न एखाद्या बापाने जुन्नरच्या वकिलाला विचारला, तर वकिलाला नेमके कलम सापडणे अवघड आहे.

जुन्नर-आंबेगावात दुसरेही दृश्य नेहमीचे आहे. कोणी माहिती अधिकारात अर्ज करतो: अमुक कामाची चौकशी झाली, त्यात दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्यावर काय कारवाई झाली? उत्तर येते, ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. फोटो फिरला त्या मुलाच्या घरच्यांना पडदा मिळत नाही. सरकारी खुर्चीवर बसलेल्याला मात्र तो मागण्याआधीच मिळतो. गेल्या साठ वर्षांत आपल्या न्यायालयांनी उघडेपणा आणि खासगीपणा यांवर जे काही म्हटले, ते या दोन दृश्यांच्या मध्ये ठेवून वाचले पाहिजे.

वृत्तपत्र आणि न्यायालय म्हटले की मराठी वाचकाला टिळकांचे खटले आठवतात. ते राजद्रोहाचे होते आणि सरकार परके होते. मला इथे आठवतो तो स्वतंत्र भारतातला, मुंबईतला, एका मराठी वार्ताहराच्या नावाने कायद्याच्या पुस्तकात गेलेला खटला: नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

'ब्लिट्झ' साप्ताहिकाने २४ सप्टेंबर १९६०च्या अंकात मुंध्रा प्रकरणाहूनही मोठा घोटाळा, अशा मथळ्याखाली उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांच्याविषयी लेख छापला. ठाकरसींनी संपादक आर. के. करंजिया यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात तीन लाख रुपयांच्या नुकसानभरपाईचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. दावा न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे यांच्यापुढे चालला. ऑक्टोबर १९६४मध्ये एक व्यापारी साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात आला. त्याची आधीची साक्ष वर्तमानपत्रांनी सविस्तर छापली होती. त्यामुळे आपल्या धंद्याला फटका बसला, तेव्हा आताची साक्ष छापू देऊ नये, अशी विनंती त्याने केली. तारकुंड्यांनी ती मान्य केली. कोर्टाचे दार उघडे राहिले, लोक आत बसले, वार्ताहरही बसले; फक्त ऐकलेले छापायचे नाही, असे न्यायमूर्तींनी तोंडी सांगितले. लेखी आदेशसुद्धा नव्हता.

मिरजकर 'ब्लिट्झ'चे वार्ताहर. ते आणि इतर काही पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसले. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. ३ मार्च १९६६ला, त्यांच्या निवृत्तीला बारा दिवस राहिले असताना, निकाल आला. न्यायदानासाठी गरज असेल तर साक्षीची प्रसिद्धी काही काळ रोखण्याचा उपजत अधिकार उच्च न्यायालयाला आहे आणि न्यायाधीशाने न्यायकार्यात दिलेला आदेश नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भंग करतो असे म्हणता येत नाही, असे बहुमताने ठरले. आठ न्यायमूर्ती एका बाजूला, एम. हिदायतुल्ला एकटे दुसऱ्या बाजूला. उघड्या न्यायालयात जे बोलले गेले ते लोकांपर्यंत जाणारच, साक्षीदाराच्या धंद्याची काळजी हे तोंड बंद करायचे कारण होऊ शकत नाही आणि न्यायालयाचा आदेशही हक्क मोडू शकतो, हा त्यांच्या भिन्न निकालाचा गाभा.

मला हिदायतुल्लांचे म्हणणे पटते. तारकुंड्यांविषयी मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते सासवडचे, म्हणजे पुणे जिल्ह्याचेच. निवृत्तीपूर्वीच न्यायासन सोडून त्यांनी पुढचे आयुष्य नागरी हक्कांच्या कामाला दिले. आणीबाणीत जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर १९७६मध्ये त्यांनी उभारलेली संघटना आजही पीयूसीएल या नावाने काम करते. इतक्या स्वातंत्र्यप्रेमी माणसालाही, समोर उभा असलेला साक्षीदार घाबरला आहे हे पाहून, छापू नका असे सांगावेसे वाटले. सत्य बाहेर यावे म्हणून साक्षीदाराला धीर देणे हाही न्यायाचाच भाग आहे, ही त्यांची बाजू पोकळ नव्हती. पण पडदा कोणाला मिळाला ते पाहा: धंद्याची चिंता असलेल्या व्यापाऱ्याला, तेही एका उद्योगपतीच्या कारभाराविषयीच्या दाव्यात. ज्या प्रश्नावर प्रकाश पडायला हवा होता त्याच्यावरच तो पडदा आला.

हा निकाल अजून जिवंत आहे. नऊ न्यायमूर्तींचा निकाल फिरवायला त्याहून मोठे पीठ लागते आणि ते आजवर बसलेले नाही. २०१२मध्ये सहारा विरुद्ध सेबी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने याच पायावर प्रसिद्धी लांबणीवर टाकण्याचे आदेश देण्याची मुभा न्यायालयांना दिली. मात्र खटल्यावर खरा आणि गंभीर परिणाम होण्याचा धोका असेल तरच, आणि थोड्या काळापुरती. ती अट महत्त्वाची. खालच्या न्यायालयांत ती विसरली जाते. २०२५च्या जुलैमध्ये बंगळुरूच्या एका दिवाणी न्यायालयाने धर्मस्थळ प्रकरणात आठ हजारांहून अधिक लिंक काढून टाकण्याचा आदेश दिला, तोही समोरच्यांना न ऐकता. एका यूट्यूब चॅनलने दाद मागितल्यावर त्याच्यापुरता तो आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केला. त्याआधी मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, बातमीवर एकतर्फी मनाई देताना न्यायाधीशांनी फार जपून चालावे, कारण पैसेवाल्याचा दावा हा पुष्कळदा बातमी मारण्याचा मार्ग असतो. तो निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. त्यांचे मूळ गाव खेड तालुक्यातले कन्हेरसर, आंबेगावच्या शेजारचे. २०१७च्या पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा मुख्य निकालही त्यांच्याच हातचा, आणि २०२३मध्ये मीडियावन वाहिनीवरची बंदी उठवताना सरकारच्या बंद लिफाफ्यातल्या कारणांना नकार देणाराही त्यांचाच. खासगीपणा आणि वृत्तस्वातंत्र्य हे एकमेकांचे वैरी नाहीत, हे या तीन निकालांवरून दिसते.

मुंबई-दिल्लीतली ही वाक्ये जुन्नरच्या कोर्टात कशी पोचतात?

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे ठाणे. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, नाव तेवढे तालुक्याला राहिले. घोडेगावला आणि जुन्नरला न्यायालये आहेत. तिथे मागच्या बाकावर बसणाऱ्या तालुका वार्ताहराने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: तो ओळखपत्रामुळे तिथे बसलेला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५३ ब आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६६ सांगते की न्यायालय उघडे असते आणि जागा असेल तोवर कोणीही येऊन बसावे. तो हक्क ऊसतोड मजुराचाही आहे. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या १९९४च्या निकालाने त्यापुढचे पाऊल टाकले. न्यायालयाच्या दप्तरासह कोणत्याही सार्वजनिक नोंदीत जे आले, ते छापण्याला खासगीपणाची हरकत घेता येत नाही. अधिकाऱ्याला त्याच्या कामाबद्दलच्या टीकेवर खासगीपणाचे कारण पुढे करता येत नाही. बातमी सत्याची पर्वा न करता छापली असेल तेवढा अपवाद. त्याच निकालाने दुसराही अपवाद ठेवला: लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांत सापडलेल्या स्त्रीचे नाव आणि तपशील, नोंदीत असले तरीही, छापायचे नाहीत.

म्हणजे पडदा कोणासाठी, याचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. ते दुबळ्याच्या बाजूचे आहे.

आता गावाकडे येऊ, कारण खरी अडचण इथे आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ने पीडित मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, घरच्यांचा तपशील, शाळा, शेजार आणि ओळख पटवील अशी कोणतीही गोष्ट छापायला मनाई केली आहे. शिक्षा किमान सहा महिने, वर्षापर्यंत, आणि वार्ताहराबरोबर प्रकाशकही जबाबदार. २०१८च्या निपुण सक्सेना निकालाने सांगितले की मुलगी हयात नसली तरी नाव छापता येत नाही आणि आईबापांनी परवानगी दिली तरी ती पुरेशी नाही. नव्या न्याय संहितेचे कलम ७२ हेच मोठ्यांच्या बाबतीत सांगते.

शहरी वर्तमानपत्रात हे पाळणे सोपे. 'कोथरूडमधील एका मुलीवर' असे लिहिले तर लाखो माणसांतून काही कळत नाही. भीमाशंकरच्या बाजूला, आहुप्याच्या घाटमाथ्यावर, पंचवीस-तीस उंबऱ्यांच्या वाडीत 'अमुक वाडीतील शेतमजुराची तेरा वर्षांची मुलगी' एवढे छापले की सगळे संपले. नाव गाळले, पण ओळख छापली. आश्रमशाळेचे नाव आणि इयत्ता दिली तर नावाची गरजही उरत नाही. आरोपी नातेवाईक असेल आणि त्याचे पूर्ण नाव छापले, तर मुलीचे आडनाव बातमीतच आले. वार्ताहराला वाटते, कायदा पाळला. पोलिसांच्या पत्रकातच वाडीचे नाव असते, तो ते उतरवतो. कोपर्डीच्या २०१६च्या प्रकरणात मुलीचे नाव न छापण्याचे भान बऱ्याच वृत्तपत्रांनी दाखवले. गावाचे नाव मात्र देशभर झाले आणि गावातल्या प्रत्येकाला ते घर ठाऊक होते. कायद्यात 'शेजार' हा शब्द लिहिलेला आहे. खेड्यात वाडी म्हणजेच शेजार. त्यामुळे आपल्या तालुक्यांत वाडीचे नाव छापणे म्हणजे माझ्या मते कलम २३ मोडणेच आहे. तालुक्याचे नाव पुरे, पोलीस ठाण्याचे नाव पुरे.

घटस्फोटाचे दावे हा आणखी एक दुर्लक्षित कोपरा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२प्रमाणे ही कामे बंद दाराआड चालतात आणि त्यातले काही छापणे बेकायदा आहे. दंड फक्त हजार रुपयांपर्यंत. एखाद्या पुढाऱ्याच्या घरातला दावा असला की बातमी दबते. गरीब घरातला असला की त्यातली वाक्ये चवीने फिरतात.

आणि मेलेल्यांचे काय? बिबट्याने मारलेले मूल कोणत्याही गुन्ह्याचा बळी नाही, त्यामुळे पोक्सो नाही, बाल न्याय कायद्याचे कलम ७४ही लागू करता येत नाही. माळीण आठवा. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले ते गाव डोंगराखाली गेले. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याने ती खबर बाहेर नेली. जगाला माळीण कळले ते असे. दीडशेहून अधिक माणसे गेली. पुढचे कित्येक दिवस चिखलातून निघणारे देह छायाचित्रांत येत राहिले. त्या छायाचित्रांमुळे मदत आली, डोंगरउतारावरच्या सपाटीकरणाचा प्रश्न चर्चेत आला, हे खरे आहे आणि ते मोलाचे आहे. पण ढिगारा दाखवणे वेगळे आणि ओळखू येणारा चेहरा दाखवणे वेगळे.

न्यायालये इथे एकमुखी नाहीत. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वाहिन्यांच्या धुमाकुळावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ला नीलेश नवलखा प्रकरणात निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी आत्महत्येच्या बातम्यांत मृताच्या खासगी जीवनात शिरू नये, त्याला दुबळ्या मनाचा ठरवू नये, असे माध्यमांना बजावले. २०२३मध्ये त्याच अभिनेत्याविषयी दिल्ली उच्च न्यायालय म्हणाले की खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारसांना मिळत नाही. कायद्याच्या काट्यावर दिल्लीचे म्हणणे कदाचित बरोबर असेल. मृतांचा खासगीपणा वारसांच्या हाती दिला, तर उद्या प्रत्येक पुढाऱ्याचा मुलगा बापाविषयीचे पुस्तक रोखेल. पण उसाच्या बांधावर पडलेल्या मुलाचा फोटो फिरतो तेव्हा दुखावते ती जिवंत आई. तो तिचा स्वतःचा हक्क आहे, वारसाने आलेला नव्हे. हा मुद्दा कोणी वकिलाने आपल्या उच्च न्यायालयात नेटाने मांडावा. प्रेस कौन्सिल समज देण्यापलीकडे काही करू शकत नाही आणि यूट्यूबवाल्यांपर्यंत तर तिचा हातही पोचत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. माहिती अधिकारासाठी महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून देशाला वाट दाखवली. २००५च्या केंद्रीय कायद्यात कलम ८(१)(जे) होते. वैयक्तिक माहिती नाकारता येईल, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तरच; मोठे लोकहित असेल तर द्यावी लागेल; आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. या तीन खुंट्यांवर ते कलम उभे होते. पहिला घाव महाराष्ट्रातूनच गेलेल्या गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात २०१२ला बसला: अधिकाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेचा तपशील ही त्याची वैयक्तिक बाब असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तेव्हापासून तालुक्यातले माहिती अधिकारी हा निकाल अर्जांना छापील उत्तर म्हणून जोडत आले. शेवटचा घाव डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३)चा. नोव्हेंबर २०२५मध्ये ते अमलात आले आणि तिन्ही खुंट्या उपटल्या गेल्या. आता कलम एवढेच म्हणते की वैयक्तिक माहिती दिली जाणार नाही. त्याच कायद्यात पत्रकारितेला वेगळी सूटही ठेवलेली नाही.

पुट्टस्वामी निकाल नागरिकाला सरकारच्या नजरेपासून वाचवण्यासाठी होता. त्याच्या नावाने आलेल्या कायद्याने सरकारी कर्मचाऱ्याला नागरिकाच्या नजरेपासून वाचवले. धरणग्रस्तांच्या यादीत कोणाचे नाव घुसवले, रोजगार हमीच्या हजेरीपटावर कोणाच्या खोट्या सह्या आहेत, आदिवासी विकास प्रकल्पाच्या घोडेगाव कार्यालयातून कोणते साहित्य कोणाला वाटले, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे माणसांच्या नावांतच असतात. नावाशिवाय भ्रष्टाचार सिद्ध होत नाही.

हे विचारणारा माणूस कोण, तेही पाहिले पाहिजे. तालुका वार्ताहराला बहुधा नियुक्तिपत्र नसते. जाहिरातीच्या टक्केवारीवर घर चालते. महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७मध्ये कायदा केला, देशात पहिला. हल्ला दखलपात्र ठरला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आली, तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही असे ठरले. पण त्याचे संरक्षण माध्यमसंस्थेत नेमलेल्याला. ज्याच्याकडे नेमणुकीचा कागदच नाही त्याला पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हाच येतो, तू पत्रकार कशावरून? कोकणात राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ला गाडीखाली चिरडले गेले, तेव्हा हा कायदा अमलात होता. फौजदारी बदनामीचे कलमही २०१६च्या सुब्रमण्यम स्वामी निकालाने कायम ठेवले आहे. न्याय संहितेत ते ३५६ या क्रमांकाने आले. साखर कारखाना किंवा बाजार समितीवर लिहिणाऱ्याला नोटीस येते तेव्हा संपादक पुण्यात असतो आणि तारखांना घोडेगावला उभा राहतो तो वार्ताहर.

म्हणून जुन्नर-आंबेगावातल्या पत्रकार संघांना आणि संपादकांना दोन विनंत्या आहेत. अत्याचाराच्या बातमीतून वाडी, शाळा आणि नात्याचा उल्लेख काढा, आणि बिबट्याच्या किंवा दरडीच्या बळीचा चेहरा घरच्यांनी स्वतः दिल्याशिवाय छापू नका. खुर्चीवरच्याचे नाव मात्र गाळू नका. आणि ज्यांचा अर्ज 'वैयक्तिक माहिती' म्हणून परत येईल त्या वाचकांसाठी: माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) अजून शाबूत आहे. लोकहित मोठे असेल तर सवलतीच्या कलमात बसणारी माहितीही देता येते, असे ते सांगते. अर्जातच त्याचा उल्लेख करा आणि लोकहित कोणते ते दोन ओळींत लिहा. नकार आला तर तीस दिवसांत पहिले अपील करा. त्यातही नाकारले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.